गुरुवारचं रडणं

आमच्या घरात रडण्याचा वार गुरुवार होता. इतर दिवशी कोणी डोळ्यांत पाणी आणलं तर पोट दुखतं का एवढं विचारून त्याच्या तळहातावर ओव्याची चिमूट ठेवली जाई. गुरुवारी मात्र संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बैठकीत सतरंजी पडायची, टीव्हीवरचं विणलेलं झाकण निघायचं, त्याची लाकडी दारं दोन्हीकडे सरकवली जायची आणि गल्लीतली जाणती माणसं एकेक करून रडायला येऊन बसायची. येताना कोणी घरची उशी आणायचं, कोणी दाण्याची पुडी. देवतळेकाकू खांद्यावर टॉवेल टाकून यायच्या. रुमालावर त्यांचं भागत नसे.

बोरगाव मेघे तेव्हा आजच्यासारखं वर्ध्याला चिकटलेलं नव्हतं. आमच्या घरामागे तुरीचं शेत होतं आणि गच्चीवरून अँटेना फिरवणाऱ्याला पार नालवाडीकडचे दिवे दिसत. बाबांचं बाजारात सरकी-ढेपेचं, म्हणजे जनावरांच्या पेंडीचं, दुकान होतं. ढेपेचा तो गोडसर, तेलकट वास त्यांच्या धोतराला, पैशांना, आमच्या शाळेच्या दप्तरालासुद्धा यायचा. गल्लीत रंगीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता. म्हणून बाबांना गल्लीत जो मान होता, तो त्यांना आपल्या स्वभावामुळे आहे असं वाटत असे. पडद्यावर मुंग्या यायला लागल्या की माझा थोरला भाऊ गच्चीवर धावायचा, खालून सगळे “आलं, आलं… गेलं” म्हणत राहायचे, आणि बरोबर मालिकेचं संगीत सुरू व्हायच्या आत चित्र स्थिर व्हायचं. एरवी बातम्यांमध्ये चित्र हललं तर कोणी पाय हलवत नसे.

मालिकेचं नाव मी इथे लिहीत नाही. तिचे चाहते अजून हयात आहेत, त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, माझ्या भाचीने मला न विचारता त्यात घातलं आहे, आणि ही माणसं प्रेमळ असली तरी मालिकेबद्दल वाकडा शब्द खपवून घेत नाहीत. नायकाचं खरं नावही आमच्या घरात कोणी घेत नसे. तो आमच्यासाठी बिशंभर होता. मोठा भाऊ. आईबाप लवकर गेलेले, भावंडं लहान, म्हणून ह्याने स्वतःचं लग्न केलं नाही. खांद्यावर शाल, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, आणि सतत कोणासाठी तरी काहीतरी सोडून देण्याची घाई. दर आठवड्याला तो एक वस्तू सोडायचा. शिक्षण सोडलं, नोकरी सोडली, जिच्यावर मन होतं ती सोडली. आता ह्याच्याकडे सोडायला काय उरलं असा प्रश्न मला पडायचा, पण लिहिणारा हुशार होता, पुढच्या गुरुवारी बिशंभरने साखर सोडली. साखर सोडताना तो असा काही बघायचा की देवतळेकाकूंनी आमच्याकडचा चहा त्या दिवशी बिनसाखरेचा मागितला. अर्धा पिऊन झाल्यावर साखर घालून घेतली ती गोष्ट वेगळी.

बोलायच्या आधी चष्मा काढायचा, छताकडे बघायचं, एक श्वास घ्यायचा आणि मग हळू आवाजात बोलायचं, ही बिशंभरची खास पद्धत. ती बाबांनी उचलली. ढेपेचा भाव विचारायला आलेला शेतकरी समोर उभा आणि बाबा चष्मा काढून दुकानाच्या पत्र्यांकडे बघत आहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. तो बिचारा घाबरून वर बघायचा, पाल-बिल पडते की काय म्हणून.

आई ह्या सगळ्यात नव्हती. बैठकीतला दिवा मालवायचा असे, कारण अंधारात रडणं सोपं जातं, आणि अंधारात आईला डाळीतले खडे दिसत नसत. म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात, आतल्या दिव्याच्या उजेडात सूप घेऊन बसायची. पाठ अर्धी आमच्याकडे, अर्धी चुलीकडे. कच्च्या चिवड्यासाठी कांदा चिरायची तेव्हा तिच्या डोळ्यांना पाणी यायचं तेवढंच. देवतळेकाकू तिला म्हणायच्या, “तुमचं काळीज दगडाचं आहे, वहिनी. तो पाहा ना कसा रडून राह्यला.”

आई म्हणायची, “तो नट आहे बाई. रडाचा त्याले पगार भेटते. तुम्ही फुकट काऊन रडता?”

आणि आमच्या घरात आणखी एक माणूस होतं. कमलआत्या. बाबांची सख्खी धाकटी बहीण. ती हिंगणीला दिली होती, बोर धरणाच्या अलीकडे, चांगल्या ओलिताच्या शेतीवाल्या घरात. ती “चार दिवस” माहेरी आली होती आणि त्या चार दिवसांत दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. तिचं डावं मनगट जरा वाकडं बसलं होतं. ती विहिरीजवळ घसरून पडली, असं सांगायचं ठरलं होतं. मलाही तेच सांगितलं होतं, आणि हिंगणीच्या त्या विहिरीजवळ माणूस दर दोन-तीन महिन्यांनी कसा काय घसरतो, हे विचारल्यावर माझ्या हातावर ओवा ठेवला गेला होता. आत्या पहाटे उठायची, सडा घालायची, आईबरोबर भांडी घासायची, पापड लाटायची. गुरुवारी तिचं काम चहाचं. बैठक भरली की ती आत स्टोव्ह पेटवायची, आणि बिशंभर जेव्हा ऐन रडवायच्या बेतात असायचा तेव्हा कपबशा घेऊन अंधारातून वाकत वाकत फिरायची. तिने मालिका पाहिली ती अशी, तुकड्यातुकड्यांनी, लोकांच्या खांद्यांवरून.

पण खरी मजा गुरुवारी नव्हे, शुक्रवारी असायची. शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आमच्या ओट्यावर चर्चा भरायची. अध्यक्ष वानखेडेकाका. ते पोस्टात होते, त्यामुळे देशातल्या कुठल्याही गोष्टीची माहिती आधी आपल्या हाताखालून जाते असा त्यांचा समज होता. त्यांनी त्या नटाला पत्रं लिहिली होती. एकाचं उत्तर आलं होतं, छापील, खाली सही. ती सही शाईची आहे की छापलेली, हे बघायला त्यांनी त्यावर ओलं बोट फिरवलं आणि सही पुसली गेली. ह्याचा त्यांना इतका आनंद झाला की ते पत्र ते पुसलेल्या सहीसकट सगळ्यांना दाखवत.

“कालचं पाणी खरं होतं,” वानखेडेकाका चहा बशीत ओतत म्हणायचे. “ग्लिसरीन घातलं की डोळा लाल होते. त्याचा नाई झाला.”

“माह्या जिवाले तं घोर लागला,” देवतळेकाकू म्हणायच्या. “रातभर वाटून राह्यलं, हा जेवला असंन का.”

त्यांचे यजमान त्याच रात्री तापाने फणफणले होते, हे आम्हाला नंतर कळलं. देवतळेकाकांनी स्वतःच्या हाताने खिचडी टाकून खाल्ली आणि बायकोला त्रास नको म्हणून काही बोलले नाहीत. बिशंभरसारखंच वागले, पण त्यांच्या मागे संगीत वाजत नव्हतं.

मग मालिकेत बिशंभरच्या बहिणीचं प्रकरण सुरू झालं. नवरा त्रास देतो, सासू उपाशी ठेवते, आणि एका गुरुवारी ती पावसात भिजत भावाच्या दारात येऊन उभी राहते. त्या गुरुवारी आमच्या बैठकीत जे रडणं झालं तसं मी पुढे कुठल्याच मयतीला पाहिलं नाही. माझा भाऊ गच्चीवरून अँटेना धरून ओरडत होता, “दिसते का?” आणि त्याला उत्तर द्यायला एकाचाही कंठ मोकळा नव्हता. दुसऱ्या दिवशी ओटा भरून वाहत होता. बाबांनी चष्मा काढला. वर पाहिलं. आमच्या ओट्यावर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर होतं, तिथे कोळ्याचं जाळं होतं. ते जाळ्याकडे बघत म्हणाले, “बहीण दारात आल्यावर ज्यानं कारण विचारलं, तो भाऊ कायचा?”

“वा,” वानखेडेकाका म्हणाले. “हे त्यानं म्हटलं पाह्यजे होतं.”

“म्हणंन तो. पुढच्या भागात म्हणंन,” बाबा म्हणाले आणि बाजूला हात केला. त्या हातात कमलआत्याने चहाची बशी ठेवली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघायचं काही कारणच नव्हतं, बशी रोज त्याच जागी येत असे. आतून मात्र आईने दुधाचा पितळी गंज असा आदळला की कवेलूवरची चिमणी उडाली.

मी त्या वर्षी बारावीला होते. आमच्या समाजात पोरगी बारावीला गेली की घरातल्यांना तिच्या पुस्तकांपेक्षा तिच्या उंचीची काळजी लागते. बाबांनी माझ्यासाठी विचारपूस सुरू केली होती. एक-दोन ठिकाणी लोकांनी हळूच विचारलं, तुमची बहीण घरीच असते का. बस, तेवढं पुरे झालं. शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, “हिंगणीले निरोप पाठवला. पुरुषोत्तमराव गुरुवारी येऊन राह्यले. कमलले घेऊन जातीन.”

आईचा हात परातीत थांबला. “तिले विचारलं?”

“तिले काय विचाराचं? नवरा न्याले येऊन राह्यला. शोभाचं लगन कराचं आहे आपल्याले. लोक काय म्हणतीन?”

आत्या तिथेच होती. चुलीपुढे बसून भाकरी भाजत होती. तिने भाकर उलटली, पुन्हा उलटली, आणि ती करपेपर्यंत उलटतच राहिली. माझ्या लग्नासाठी कोणालातरी कुठेतरी पाठवत आहेत हे मला समजत होतं, आणि ते लग्न मला नकोच होतं. मी म्हणाले, “मले लगन नाई कराचं.” बाबा म्हणाले, “तुले कोण विचारलं?” हे खरं होतं. त्या घरात ‘पोट दुखतं का’ सोडून कोणाला काही विचारायची पद्धत नव्हती.

गुरुवारी दुपारच्या बसने पुरुषोत्तमराव आले. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. सडपातळ, नेटका माणूस, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं लोण्यासारखं. कोणीही म्हणालं असतं की ह्या माणसाच्या विहिरीजवळ शेवाळ असूच शकत नाही. येताना संत्र्यांची पिशवी आणली, आत्यासाठी मोरपंखी रंगाची साडी आणली, आणि बाबांच्या पाया पडायला वाकले, तर बाबांनी त्यांना अर्ध्यातच उचललं. “जवाईबापू, तुम्ही कायले वाकता.” ठरलं असं की आज मुक्काम, उद्या सकाळी पहिल्या बसने आत्याला घेऊन जायचं. आत्याने आपले कपडे एका गाठोड्यात बांधून आमच्या कोठीच्या खोलीत ठेवले. मी तिच्याजवळ गेले तर ती म्हणाली, “शोभा, तुह्या केसाले तेल लावून देऊ का? उद्यापासून कोण लावंन.” तिने तेल लावलं. डाव्या हाताने तिला नीट दाबता येत नसे, म्हणून उजव्या हाताने ती दोन हातांचं दाबायची. सतराव्या वर्षी माणसाला सगळं समजतं आणि काही सुचत नाही.

संध्याकाळी बैठक नेहमीपेक्षा लवकर भरली. भाग महत्त्वाचा होता, बहिणीच्या सासरचे तिला न्यायला येणार होते. पुरुषोत्तमरावांना वेताची खुर्ची दिली. ते म्हणाले, “आमच्या गावात सरपंचाच्या घरी पाहतो आम्ही. एक गुरुवार चुकवला नाई. बिशंभर म्हणजे देवमाणूस.” हे ऐकून वानखेडेकाकांनी आपली उशी त्यांना दिली. चाहत्याला चाहता भेटला की जो आनंद होतो तो सख्ख्या भावांना होत नाही. दिवा मालवला. आई सूप घेऊन आपल्या दारात बसली. आत स्टोव्ह फरफरायला लागला.

पडद्यावर सासरची माणसं आली. जावई जोडे न काढता आत आला, तेव्हाच देवतळेकाकू म्हणाल्या, “मेल्याचे लक्षणं पाहा.” बहीण खांबामागे उभी. बिशंभर उठला. चष्मा काढला. वर पाहिलं. मग तो दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि त्या हळू आवाजात म्हणाला की माझी बहीण कुठेही जाणार नाही. झालं. सतरंजीवर बांध फुटला. देवतळेकाकूंनी टॉवेलात तोंड घातलं. बाबांचे खांदे हलत होते. आणि माझ्या शेजारच्या वेताच्या खुर्चीतून नाक ओढल्याचा आवाज आला म्हणून मी बघितलं, तर पुरुषोत्तमराव रडत होते. खोटं नव्हे. गालांवरून खाली, पांढऱ्या शर्टावर पडेल असं. त्यांनी घडीचा रुमाल काढला, डोळे टिपले, आणि म्हणाले, “त्या जवायाले तं चपलेनं मारलं पाह्यजे.”

त्याच वेळी आत्या चहाचं तबक घेऊन त्यांच्यासमोर वाकलेली होती.

आधी कपबशा वाजल्या. मला वाटलं तिच्या हातून तबक सुटतं आहे. पण ती हसत होती. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो आवाज कसला ते समजायला वेळ लागला. तोंड मिटून ती हसत होती, मग तोंड मिटेना. तिने तबक खाली ठेवलं आणि सरळ उभी राहिली, नेमकी टीव्हीच्या समोर. बिशंभर तिच्या पाठीमागे गेला.

“सरक ना कमल,” बाबा नाक पुसत म्हणाले. “दिसून नाई राह्यलं.”

आत्या सरकली नाही. “दादा,” ती म्हणाली, “तो टीव्हीतला जवाई काय करते? मारते ना बायकोले?” तिने बांगड्या मागे सारून डावं मनगट पुढे केलं. टीव्हीच्या निळ्या उजेडात ते अजूनच वाकडं दिसत होतं. “हा बी मारते. हे विहिरीनं नाई केलं. यानं केलं, पाटा उचलून. मी उद्या जात नाई.”

पुरुषोत्तमरावांच्या गालावर बिशंभरसाठी काढलेलं पाणी अजून सुकलं नव्हतं. ते न पुसताच म्हणाले, “घरातल्या गोष्टी अशा लोकायपुढं बोलते का कोणी? काही रीतभात?”

सगळे बाबांकडे बघायला लागले. आणि बाबांनी चष्मा काढला. मी शपथेवर सांगते, मी गुडघ्यांवर उठून बसले. बाबांनी छताकडे बघितलं. श्वास घेतला. देवतळेकाकूंनी टॉवेल पुन्हा तयार ठेवला. बाबा हळू आवाजात म्हणाले, “कार्यक्रम होऊन जाऊ दे. मंग बोलू.”

“हो, थोडासाच राह्यला,” वानखेडेकाका म्हणाले. “बस वो कमलबाई. इथी बस, जागा आहे.”

स्वयंपाकघराच्या दारात सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. आई उठली. सतरंजीवर पसरलेल्या पायांमधून वाट काढत, कोणाच्या बोटावर पाय देत, ती पुढे आली आणि तिने टीव्हीचं बटण फिरवलं. बिशंभर आक्रसत आक्रसत एक पांढरा ठिपका झाला आणि गेला. आईने टीव्हीची दोन्ही दारं ओढून घेतली, बैठकीतला दिवा लावला, आणि म्हणाली, “झाला कार्यक्रम.”

उजेडात सगळ्यांचे चेहरे ओले आणि मूर्ख दिसत होते. माझाही असेल.

“भाऊजी,” आई पुरुषोत्तमरावांना म्हणाली, आवाज न चढवता, जेवायला बसा म्हणतात त्याच आवाजात, “कमलबाई येत नाई. तुम्ही जेवून घ्या. मुक्कामाले नालवाडीत तुमचे चुलतभाऊ आहेत, तिथी जा. अन् ते साडी घेऊन जाजो, तिले तो रंग नाई शोभत.”

“अवं, पण शोभाचं…” बाबा म्हणाले.

“शोभाचं काय? ज्या घरी हिची आत्या चालत नसंन त्या घरी मले पोरगी नाई द्याची. एक मनगट पाहून झालं माह्यं.”

“तू मधात बोलू नोको.”

“मी मधात नाई बोलून राह्यली,” आई म्हणाली. “मधात तर तुमचा बिशंभर होता. त्याले बंद केलं.”

पुरुषोत्तमराव जेवले नाहीत. त्यांनी साडी पिशवीत घातली, जोडे घातले, आणि दारातून वळून म्हणाले, “पस्तावान.” कोणाला म्हणाले ते स्पष्ट झालं नाही. वानखेडेकाका त्यांना वाट दाखवायला सायकल घेऊन नालवाडीपर्यंत गेले. बाकीचे चपला शोधत निघाले. देवतळेकाकू शेवटी राहिल्या. त्या आत्याजवळ गेल्या, तिच्या मनगटाला एक बोट लावलं, लगेच काढून घेतलं, आणि आईला हळूच म्हणाल्या, “वहिनी, तुमचं खरं आहे. पण पाच मिनिटं थांबल्या असत्या तं…”

गल्लीने आईला हे फार दिवस माफ केलं नाही. तो भाग पुन्हा दाखवला जाणार नव्हता, आणि आमच्याशिवाय रंगीत टीव्ही कोणाकडे नव्हता, आणि सगळ्यांची उपासमार झाली होती. शुक्रवारी ओट्यावर एकच विषय होता. बिशंभरने अडवल्यावर मग बहीण काय म्हणाली? वानखेडेकाकांनी पोस्टातून वर्ध्यातल्या चार घरी चौकशी केली. कोणी म्हणालं, ती म्हणाली भैया मी तुझ्यावर ओझं होणार नाही. कोणी म्हणालं, ती नवऱ्याच्या अंगावर मंगळसूत्र फेकते. ह्यावर दोन तट पडले, आवाज चढले, एकाने चहा न पिता निघून जाण्यापर्यंत गोष्ट गेली. आणि आदल्या संध्याकाळी त्याच घरात, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून एक बहीण जे बोलली होती, त्याचा उल्लेख कोणी केला नाही. त्यांना ती गोष्ट वाईट वाटली नव्हती असं नाही. पण ती गुरुवारच्या मधोमध आली होती.

परवा ग्रुपवर कोणीतरी तो भाग टाकला. खाली लोकांनी लिहिलं आहे, आजही डोळे भरून येतात, अशी नाती आता राहिली नाहीत. मी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. बहीण काही बोलत नाही. खांबामागून येते, भावाच्या पाया पडते, संगीत वाजतं, संपतं. वानखेडेकाका आज असते तर त्यांना सांगितलं असतं.

माझं एक स्थळ आत्यापायी खरंच मोडलं. मुलाची आई सरळ म्हणाली, परत आलेल्या बाईच्या घरात आम्ही सोयरीक करत नाही. बाबा आठवडाभर आईशी बोलले नाहीत. आईच्या ते आधी लक्षात आलं नाही. मी बी. कॉम. झाले, नोकरीला लागले, आणि मग लग्न केलं ते एका अशा माणसाशी, जो टीव्ही लावला की झोपतो. आत्याने काही वर्षांनी बोरगावातच शिकायला आलेल्या पोरांसाठी खानावळ काढली. पोट्टे तिला आत्याच म्हणत, आणि मनगटाला काय झालं असं कोणी विचारलं तर ती सांगून टाकायची, नवऱ्यानं मोडलं, वाढू का भात. पुरुषोत्तमरावांनी दुसरं लग्न केलं असं कानावर आलं. ती बाईही पुढे माहेरी गेली म्हणतात. विहिरीबद्दल काही कळलं नाही.

बाबांचं मात्र सगळ्यांत छान झालं. दुकानात ही गोष्ट सांगता सांगता त्यात आधी आई बारीक झाली, मग पार गेली, आणि काही वर्षांत दारात दोन्ही हात पसरून उभे राहिलेले बाबाच उरले. मी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. सांगताना त्यांनी चष्मा काढला होता, आणि समोरचा माणूस ढेपेचं पोतं खांद्यावर तसंच ठेवून डोळे पुसत होता. आत्याने तेव्हा एकदा ते ऐकलं, मला म्हणाली, “सांगू दे. बरं सांगते तो.”

पण मला त्या प्रकरणातलं जे आठवतं ते त्या शुक्रवारचं. ओट्यावरची चर्चा संपली होती, बाबा अंघोळीला गेले होते. आत्या कोठीच्या खोलीत गाठोड्याजवळ बसली होती. ते सोडावं की तसंच ठेवावं हे तिला कळत नव्हतं. आई दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत.

“कमलबाई, आज भाजी कायची करू?”

आत्याने मागे वळून बघितलं. खोलीत दुसरी कमल आहे की काय असं. “मले विचारून राह्यली, वहिनी?”

“मंग कोणाले?”

आत्या गाठोड्याची गाठ चाचपत राहिली. मला वाटलं आता ही रडते. ती विचार करत होती. तिच्या आवडीची भाजी कोणती, हे आठवायला तिला इतका वेळ लागला. “वांग्याची,” ती म्हणाली. मग जरा धीर करून, “भरून कर. पातळ नोको.”

बाबांना वांगं चालत नसे. अंगाला खाज सुटते म्हणून आमच्या घरात ते कधी शिजत नव्हतं. दुपारी आईने ताट वाढलं. बाबांनी ताटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, चष्म्याला हात लावला. पण काढला नाही. खाली मान घातली आणि जेवले.